प्रकृती बरी नसताना शहर पाहणे

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यकारभार असे भारदस्त विषय ऐकावयास मिळावेत, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच आहे. अशा ठिकाणी 'प्रकृती बरी नसताना मोठे शहर कसे पाहावे' हा विषय घेऊन कोणी उभे राहिले, तर तो प्रथमदर्शनी थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. परंतु आमची एक विनंती आहे. परळीत ज्या ज्या घरी हैदराबाद, पुणे किंवा मुंबई पाहून आलेली माणसे असतील, त्या घरी जाऊन विचारावे, "आपण प्रथम तिकडे कशासाठी गेला होता?" पुष्कळ घरांतून एकच उत्तर येईल, "दवाखान्यासाठी." कोणाच्या आईचा मोतीबिंदू, कोणाच्या वडिलांचे हृदय, कोणाच्या लेकराच्या पायातील व्यंग. तपासणी आज झालेली असते, अहवाल परवा मिळावयाचा असतो, मधला एक दिवस मोकळा असतो; आणि मग मंडळींपैकी कोणीतरी म्हणते, "एवढ्या लांब आलोच आहोत, तर चारमिनार तरी पाहून घेऊ."

म्हणजे आपल्याकडील कितीतरी माणसांचे पहिले शहर-दर्शन हे आजाऱ्याचे किंवा आजाऱ्याबरोबर गेलेल्याचे शहर-दर्शन असते. सहलीचे नियम निराळे आणि या दर्शनाचे निराळे. ते आपणास कोणी शिकवीत नाही. चुका करून आपण ते शिकतो, आणि एखादी चूक फार महाग पडते. अशी एक चूक आमच्याही हातून झालेली आहे. ती सांगावी आणि तिच्यापासून काय शिकलो तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपले गाव वैद्यनाथाचे. समुद्रमंथनानंतर धन्वंतरी आणि अमृत यांना शिवलिंगात लपविले, म्हणून हा देव वैद्यांचा नाथ झाला, अशी येथील कथा आहे. वैद्यांच्या नाथाच्या गावातील माणसांना वैद्यासाठी परगावी जावे लागावे, यात विरोधाभास दिसतो खरा. पण मोठी रुग्णालये मोठ्या शहरांत उभी राहतात, ही जगाची रीत आहे. आता शेजारी अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, हे आपले भाग्यच. तरीही काही दुखण्यांसाठी पुढे जावेच लागते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे मागच्या पिढ्यांचे मोठे शहर म्हणजे हैदराबाद. लातूर रोड, उदगीर, बिदर, विकाराबाद या वाटेने आगगाडी तेथे पोहोचते. आजही तिकडची ओढ पुरती सुटलेली नाही.

आम्हीही याच वाटेने २०१५ साली एप्रिल महिन्यात आमच्या तात्यांना घेऊन गेलो. तात्यांचे वय तेव्हा शहात्तर. छातीत अधूनमधून दुखे, म्हणून तपासणी करावयाची होती. पण तात्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. १९४५ च्या सुमारास, सहा-सात वर्षांचे असताना, ते आपल्या आजारी वडिलांबरोबर हैदराबादला गेले होते. तेव्हा पाहिलेला चारमिनार त्यांना पुन्हा पाहावयाचा होता. तपासणी झाली. अहवालास दोन दिवस होते. आम्ही उत्साहाच्या भरात यादी केली: सकाळी गोवळकोंडा, दुपारी सालारजंग वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी चारमिनार, रात्री हुसेनसागर. एका दिवसात चार स्थळे! यादी वाचताना आम्हास स्वतःच्या हुशारीचे कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे.

सकाळी निघताना तात्यांचा हात आमच्या हाताला गरम लागला. "तात्या, अंग तापलंय का हो तुमचं?" "काही नाही रे, गाडीत झोप झाली नाही. चला लवकर, ऊन वाढंल." आम्ही चाललो. तात्यांनी पहाटेच कणकण वाटली म्हणून तापाची गोळी घेतली होती आणि दिवसभराच्या बेतावर विरजण पडू नये म्हणून ती गोष्ट लपविली होती, हे आम्हास रात्री कळले.

गोवळकोंड्याच्या माथ्यावरील बारादरीपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. शंभरेक पायऱ्या चढून झाल्यावर तात्या एका दगडावर टेकले. चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम होता आणि हात गार. आम्ही काही विचारले तर उत्तर भलतेच येई. दोघा अनोळखी तरुणांच्या मदतीने आम्ही त्यांना खाली आणले, सावलीत निजविले आणि तेथून थेट दवाखान्यात नेले. एक रात्र त्यांना तेथे ठेवून घ्यावे लागले. डॉक्टरांनी आम्हास फार बोलणे लावले नाही, "यांना एवढ्या उन्हात चढविण्याचे कारण काय होते?" एवढेच विचारले. त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते आता शोधू.

प्रथम उन्हाचा विचार करू. मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि ते तेवढेच राखण्यासाठी शरीर अहोरात्र झटत असते. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीरापाशी थंड होण्याचा एकच मार्ग उरतो: घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. रांजणातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने आपण गार राहतो. मात्र रांजणात पाणी असले तरच तो पाझरणार! प्रवासात शौचालयाची सोय नाही म्हणून आपल्याकडील माणसे, विशेषतः स्त्रिया, पाणी कमी पितात. म्हाताऱ्या माणसांना तहानच कमी लागते. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रांजण सकाळीच अर्धा झालेला असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही बीड जिल्ह्याची माणसे म्हणतो, "आम्हाला उन्हाचं काय कौतुक? आमच्याकडं बेचाळीस अंश असतं." हे खरे आहे, पण आपले ऊन कोरडे आहे. मुंबईत पारा चौतीस दाखवीत असला तरी हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेल्या घामाने सदरा भिजतो, अंग थंड होत नाही. म्हणून बेचाळीस अंशांत शेतावर काम केलेला माणूस मुंबईत चौतीस अंशांत घेरी येऊन बसतो आणि त्याचे त्यालाच नवल वाटते. हैदराबादची हवा त्या मानाने आपल्यासारखी, पण किल्ल्याचा काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो, हेही विसरता कामा नये.

उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांतील फरक प्रत्येकाने ओळखावयास शिकले पाहिजे. थकलेल्यास भरपूर घाम येतो, डोके दुखते, मळमळते, पाय गळतात. पण तो शुद्धीवर असतो, नीट बोलतो. त्यास सावलीत बसवून, कपडे सैल करून, थोडे थोडे पाणी पाजल्यास तो बहुधा सावरतो. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. त्या वेळी अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघा गार कराव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक महाराष्ट्रात चालतो, तसा तेलंगणातही चालतो. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

आता तात्यांच्या गोळीकडे वळू. ताप हा आजार नव्हे, ती आजाराची वर्दी आहे. पॅरासिटामॉलची गोळी ती वर्दी काही तास थांबविते. आजार जेथल्या तेथे राहतो. घरी अंथरुणावर पडून घेतलेली गोळी आराम देते. तीच गोळी घेऊन उन्हात चार तास चालावयाचे म्हणजे घरात चोर शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करून झोपी जाण्यासारखे आहे. ताप असताना शरीर आधीच पाणी गमावीत असते, हृदय आधीच जलद चालत असते. त्यावर चढण आणि ऊन यांचा भार पडतो.

तापाचा विषय निघाला आणि गाव हैदराबाद असले, म्हणजे एका माणसाची आठवण अपरिहार्य आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरास डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूंच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. हुसेन खान नावाच्या रुग्णास त्याने डासांकडून चाववून घेतले होते आणि दर डासामागे एक आणा दिला होता. या शोधाच्या वाटेनेच रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेट भागात त्याच्या नावाची इमारत आहे. हैदराबादला गेलेला रुग्ण चारमिनार पाहतो, पण ज्या गावी तापाचे एक मोठे गूढ उकलले ते गाव आपण पाहत आहोत, हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्या शोधाचा व्यवहारी अर्थ असा की, प्रवासाहून परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, तर आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डेंग्यूविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या तापात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि माणसास वाटते, बरे झालो, आता हिंडावयास हरकत नाही. धोक्याचा काळ नेमका तोच असतो. पोटात जोराचे दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी, यांपैकी काही दिसल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे. अशा तापात ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते.

प्रवासातले दुसरे नेहमीचे दुखणे पोटाचे. परगावचे पाणी, उघड्यावरचे पदार्थ, अवेळी जेवण, आणि मग जुलाब. याविषयी आपल्या देशातील एका डॉक्टरचे ऋण साऱ्या जगावर आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी पिण्यास दिले आणि आप्तांनाही ते पाजावयास शिकविले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. नुसते पाणी प्याले तर जुलाब होत असता ते आतड्यात पुरेसे शोषले जात नाही. पण साखर आणि मीठ बरोबर असली की साखरेच्या सोबतीने मीठ आत शिरते आणि मिठामागून पाणी जाते. म्हणजे साखर येथे गोडीसाठी नाही, दार उघडण्यासाठी आहे. प्रवासाच्या पिशवीत ओ.आर.एस.च्या चार पुड्या असाव्यात. मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण मिसळावी. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त नको. शौचात रक्त पडत असेल, लघवी थांबली असेल किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये.

तिसरी गोष्ट थकव्याची, आणि ती धडधाकट माणसासही लागू आहे. सालारजंग वस्तुसंग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते खुले झाले आणि १९६८ साली मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आले. तीसहून अधिक दालने आहेत. पहिल्या चार दालनांत प्रत्येक वस्तूखालची पाटी वाचणारा मनुष्य दहाव्या दालनात नुसता चालत असतो आणि विसाव्यात दरवाजा शोधीत असतो. या अनुभवास बॉस्टनच्या संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयातील थकवा' असे नावच दिले. कपाटे फार खाली किंवा फार वर असल्याने पाहणाऱ्यास कसे वाकावे व ताणावे लागते, याची त्यांनी छायाचित्रेच प्रसिद्ध केली. दोन कोस चालून माणूस जितका थकत नाही, तितका तो दोन तास रेंगाळून थकतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. उभे राहिल्यावर हे काम मंदावते, रक्त पायांत साचते, आणि म्हाताऱ्या किंवा उपाशी माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाचा रुग्ण असेल तर आणखी जपावे. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातांना कंप, चिडचिड ही तिची चिन्हे. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असलीच पाहिजेत. संध्याकाळी त्याचे तळपाय पाहावेत. बूट लागलेला त्यास कळत नाही.

छातीविषयी एकच नियम सांगतो, आणि त्यास अपवाद नाही. चढताना छातीत दडपण आले, ते डाव्या हातात, मानेत किंवा जबड्यात गेले, दम लागला, घाम फुटला, तर 'वायू झाला असेल' असे कोणीही म्हणू नये. जेथे असाल तेथे बसावे, माणसास चालवू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. वायू निघाला तर आपण हसू. पण तो निर्णय पायरीवर उभे राहून करावयाचा नसतो.

हे सर्व ऐकून एखादा म्हणेल, "मग आजारी माणसाने खोलीतच पडून राहावे, असेच म्हणा की!" नाही, आमचे म्हणणे असे मुळीच नाही. रुग्णालयात आठ-आठ दिवस काढलेल्या माणसास, आणि त्याहूनही त्याच्या उशाशी बसलेल्या आप्तास, दोन तास मोकळ्या हवेत नेणे हेदेखील औषधच आहे. व्हरांड्यात चटई टाकून रात्री काढणाऱ्या आई-बहिणी आपण पाहिल्या आहेत. रुग्ण झोपला असता, त्याच्यापाशी दुसरे माणूस बसवून, त्यांना हुसेनसागराच्या काठावर अर्धा तास बसवून आणणे हे चैनीत मोडत नाही. प्रश्न शहर पाहावे की नाही हा नाही; ते कोणत्या मापाने पाहावे, हा आहे.

ते माप आम्हास तात्यांनी दाखविले. दवाखान्यातून सुटल्यावर, अहवाल हाती आल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली: संध्याकाळी, रिक्षाने, पायऱ्या न चढता, एक ठिकाण. तात्यांनी चारमिनार निवडला. तो १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधला. प्लेगची साथ ओसरल्याची ती खूण आहे, अशी एक समजूत आहे. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. पण आजारातून उठून आलेल्या माणसास ती कथा गोड वाटते. आतून १४९ पायऱ्या आहेत. त्या आम्ही चढलो नाही. समोर चहाच्या दुकानाच्या बाकावर बसलो. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे मागविली. तात्या अर्धा तास काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "इथंच कुठंतरी चुलत्यानं मला खांद्यावर घेतलं होतं. बा दवाखान्यात होते. मला वाटलं, हे चार खांब देवाचे हात आहेत, बाला बरं करतील." आणि थोड्या वेळाने, "बरे झाले नाहीत. पण मी सत्तर वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं."

यादीप्रमाणे दिवस गेला असता तर त्या संध्याकाळी आम्ही चारमिनारापुढे पाच मिनिटे उभे राहून छायाचित्र काढले असते आणि पुढे पळालो असतो. तात्यांची ही गोष्ट आमच्या घराला कधी कळली नसती. तात्या त्यानंतर दीड वर्ष होते. हैदराबादला पुन्हा गेले नाहीत.

तेव्हापासून आम्ही घरात काही नियम केले आहेत. ते आपल्यापुढे ठेवतो. पटतील तेवढे घ्यावेत.

पहिला नियम, आधी डॉक्टरांना विचारावे, मग रिक्षावाल्यास. "उद्या बाहेर फिरू का?" असा मोघम प्रश्न नको. "किती चालू? जिना चढू का? उन्हात जाऊ का? गोळ्यांची वेळ चुकली तर काय?" असे विचारावे. अँजिओग्राफी झाली असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सांगितलेली विश्रांती पूर्ण करावी. धूळ आणि जिना यांना वाट पाहू द्यावी.

दुसरा नियम, एका दिवसात एकच स्थळ, आणि तेही सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. वस्तुसंग्रहालयासारखे छप्पर असलेले ठिकाण दुपारी चालते. पण सालारजंग शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. २०१७ पासून हैदराबादेत मेट्रो आहे. तिची वातानुकूलित गाडी थकलेल्या माणसास बरी पडते.

तिसरा नियम, जेथे आपण बसावे आणि दृश्याने आपल्याकडे यावे, अशी स्थळे निवडावी. सालारजंगमधील संगीत घड्याळाचेच पाहा. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी या पेढीचे ते घड्याळ. तास भरत आला की त्यातून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि घणाघण टोले देतो. समोर बसावयाची सोय आहे. अधू पायाच्या माणसास एवढे एक पाहून परतता येते आणि काही पाहिलेच नाही असे वाटत नाही. संध्याकाळी हुसेनसागराच्या काठावरून १९९२ साली उभारलेली बुद्धमूर्ती पाहावी. तिच्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.

चौथा नियम, आजाऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी: नाव, उतरण्याचा पत्ता, घरच्यांचा फोन, चालू औषधे. फोनची बॅटरी संपते. चिठ्ठी संपत नाही. गाडीत वा बसमध्ये मळमळत असेल त्यास पुढच्या जागी बसवावे आणि लांब पाहावयास सांगावे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते 'हलतो आहे' आणि पुस्तकावर खिळलेले डोळे म्हणतात 'स्थिर आहे'. या दोहोंच्या भांडणातून मळमळ उद्भवते.

पाचवा नियम सर्वांत अवघड आहे, कारण तो औषधाचा नसून मनाचा आहे. 'मला बरे वाटत नाही' हे वाक्य आमच्या मंडळीत कोणीही, केव्हाही, न लाजता उच्चारावे. आणि ते ऐकणाऱ्याने तोंड वाकडे करू नये. तात्यांनी गोळी का लपविली? आमचा हिरमोड होऊ नये म्हणून. रिक्षाचे पैसे, तिकिटाचे पैसे, आमचा उत्साह, या सर्वांचे ओझे त्यांनी आपल्या तापावर घेतले. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच होते: तात्यांना उन्हाने चढविले नाही, आमच्या यादीने चढविले. आपल्या घरातील म्हातारी माणसे, सुना आणि मुले यांना हे वाक्य बोलण्याची मुभा आपण दिली आहे काय, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे. परवा निघावयाचे असेल, तर आजच सांगून ठेवावे, "कुठंही थांबावंसं वाटलं तर सांगा, आपण परत फिरू."

गेल्या वर्षी आम्ही काकूंना, म्हणजे तात्यांच्या पत्नीस, डोळ्यांसाठी हैदराबादला नेले. गुडघ्यांमुळे त्यांना चढ नको होता. पण तात्या जेथे बसले होते तो किल्ला त्यांना पाहावयाचा होता. गोवळकोंड्याच्या दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजविली तर ती माथ्यावर ऐकू येते, ही तेथील प्रसिद्ध युक्ती. शत्रू आल्याची वर्दी वर पोहोचावी म्हणून ती योजना होती, असे सांगतात. सकाळी आठला आम्ही काकूंना घुमटाखाली, सावलीत, धाकट्या मुलीसोबत बसविले आणि दोघेजण वर गेलो. ठरलेल्या वेळी काकूंनी टाळी वाजविली. वर ती स्पष्ट ऐकू आली. खाली येऊन आम्ही तसे सांगितले, तेव्हा काकू म्हणाल्या, "मग मीही वर जाऊन आले म्हणायचं." नऊच्या आत आम्ही उतरण्याच्या जागी परतलो आणि त्या दिवशी आणखी कोठेही गेलो नाही.